मोरपंखी भिंत

गेल्या वर्षी दसरा झाला आणि दुसऱ्याच दिवशी आमच्या दादरच्या घरात रंगांचे पुस्तक आले. पुस्तक म्हणजे रंगांच्या कंपन्या दुकानदारांकडे ठेवतात ते; हातपंख्यासारखे उघडणारे आणि पानापानाला रंगांच्या पट्ट्या चिकटवलेले. आमच्या लहानपणी पांढरा, पिवळा, निळा, हिरवा आणि फारच हौस असली तर गुलाबी, एवढ्या पाच रंगांत अख्ख्या चाळीचा निकाल लागत असे. इथे नुसत्या हिरव्याचीच तीन पाने! घरातली मंडळी दोन दिवस त्या पंख्याभोवती बसून होती. शेवटी सूनबाईंनी एका पट्टीवर बोट ठेवले आणि मला हाक मारली.

"बाबा, हॉलची एक भिंत ह्या रंगाची करायची. टील!"

मी चष्मा पुसून पाहिले. "अगं, हा तर आपला मोरपंखी!"

"नाही हो बाबा. मोरपंखी म्हणजे पैठणीचा रंग. हा टील. सध्या सगळीकडे हाच चालतो."

मी वाद घातला नाही, पण रात्री शब्दकोश उघडून पाहिला. टील हे एका लहानशा बदकाचे इंग्रजी नाव. नराच्या डोळ्यामागे हिरव्या-निळ्या झळाळीचा पट्टा असतो आणि त्यावरून रंगाला ते नाव पडले. हे बदक थंडीत आपल्याकडेही पाहुणे म्हणून येते. तात्पर्य, इंग्रजांनी बदकाकडे पाहिले आणि आपण मोराकडे. रंग बराचसा एकच. सूनबाई आणि मी, दोघेही जिंकलो, असे समजून मी झोपलो.

दुसऱ्या दिवशी लालबागहून आत्याचा फोन आला. आत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. वय चौऱ्याऐंशी, पण आवाज असा की फोन हातभर लांब धरावा.

"अरे, तुझ्याकडे रंगारी येणार आहे म्हणे. माझ्याकडेही धाड त्याला. मला खोली रंगवायची आहे. मोरपंखी. ह्यांनी काढला होता ना, तसाच पाहिजे."

मागे काहीतरी कुजबुज झाली आणि फोन आतेभावाच्या हाती गेला. "दादा, तूच समजाव हिला. पुनर्विकासाच्या करारावर सह्या झाल्या. मार्चमध्ये चाळ खाली करून द्यायची आहे. पाडायच्या भिंतीला कोणी रंग लावतो का?"

त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. पाच महिन्यांनी जी भिंत कुदळीखाली जाणार, तिच्यावर खर्च करणे म्हणजे पैसे पाण्यात घालणेच. पण आत्या माझ्याकडे क्वचितच काही मागते. मी घरातल्या वडीलधाऱ्यांच्या रिवाजाप्रमाणे दोघांनाही "बघू" म्हणालो आणि रंग शोधायला निघालो.

सुरुवात गिरगावापासून करायची ठरवली. कारण आत्या मूळची गिरगावची. ज्या चाळीत ती वाढली, त्याच चाळीत पुढे मी वाढलो. ती चाळ अजून उभी आहे; लाकडी टेकूंच्या आधाराने का होईना, पण आहे. आमच्या जुन्या खोलीत आता दुसरे बिऱ्हाड आहे. त्यांनी मोठ्या अगत्याने आत बोलावले, चहा दिला. पण भिंतींना छातीपर्यंत चकचकीत लाद्या आणि वर फिकट क्रीम रंग. माझे बालपण कुठेही दिसेना. मात्र गॅलरीतून उतरताना खालच्या चौकात कुणीतरी चुना भिजवला होता आणि त्याच्या वासाने साठ वर्षे एका क्षणात मागे सरली.

तेव्हा रंग काढणे म्हणजे चुनाच. दसरा झाला की कळीच्या चुन्याचे खडे यायचे. पाऊस सरलेला असे, भिंतींतली ओल हळूहळू सुकलेली असे. दसरा-दिवाळीच्या मधले ते दिवस रंगाला मुंबईत सर्वांत चांगले. पिंपात खडे टाकून पाणी ओतले की चुना खदखदायला लागे. आम्हां मुलांना तिथून हाकलून देत, कारण एक शिंतोडा डोळ्यांत गेला तर डोळ्याशी गाठ. रात्रभर निवलेला चुना जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळायचा, बोटाला लागू नये म्हणून त्यात डिंकाचे पाणी घालायचे आणि पांढरा उजळ दिसावा म्हणून थोडी नीळ. मग कुंचा घेऊन एक हात उभा, एक हात आडवा. भांडीकुंडी, गाद्या, देवांच्या तसबिरी सगळे दोन दिवस गॅलरीत. आजूबाजूच्या बिऱ्हाडांना कोणाच्या घरात काय आहे नि काय नाही, ते त्या दोन दिवसांत कळून जाई!

चुन्याचे हे महत्त्व नुसत्या हौसेचे नव्हते. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, तेव्हा घरोघर चुना फासण्याची मोहीमच निघाली होती. ताजा चुना जंतूंना मारक असतो. पुढे भिंतीवर सुकताना तो हवेतला कर्बवायू शोषून हळूहळू दगडासारखा होतो. म्हणजे वर्षातून एकदा आपण आपल्या भिंतीवर दगडाचा एक पातळ पापुद्रा चढवत होतो, असे म्हणायला हरकत नाही.

हा चुना मालकाने काढायचा की भाडेकरूने? कायदा काहीही म्हणो, व्यवहारात त्याचे उत्तर १९४७ सालच्या भाडेकायद्याने देऊन टाकले. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते ते प्रमाण धरले गेले आणि तिथेच गोठले. भाडेकरू निर्धास्त झाला; पण दहा-बारा रुपये भाडे घेणाऱ्या मालकाला भिंतीकडे पाहण्याचे कारण उरले नाही. जिना मोडला, कौले फुटली, तरी कुणाला सोयरसुतक नसे. खोलीच्या आतला रंग मात्र ज्याचा त्याने पाहायचा. गिरगावातल्या चाळी बाहेरून सगळ्या एका करड्या रंगाच्या आणि आत प्रत्येक दाराआड निराळा रंग, त्याचे कारण हे असे आहे.

ह्या घरगुती रंगांचा एक मोठा व्यापार त्याच गिरगावात जन्मला, हे मला फार उशिरा कळले. जगन्नाथ शंकरशेट रस्त्याच्या परिसरातल्या गायवाडीत, एका मोटार ठेवण्याच्या गाळ्यात, १९४२ साली चार मित्रांनी रंग तयार करायला सुरुवात केली. चंपकलाल चोकसी, चिमणलाल चोक्सी, सूर्यकांत दाणी आणि अरविंद वकील ही त्यांची नावे. दुसरे महायुद्ध चालू होते, परदेशी रंगांची आयात बंद झाली होती आणि देशी माणसाला थोडी वाट मोकळी झाली होती. त्या गाळ्यातून निघालेली कंपनी म्हणजे एशियन पेंट्स. १९५४ साली आर. के. लक्ष्मण ह्यांनी तिच्यासाठी कपाळावर केसांची झुलपे आलेला, हातात रंग गळणारा ब्रश घेतलेला खट्याळ मुलगा काढला. त्याला नाव काय द्यावे, म्हणून लोकांत स्पर्धा घेण्यात आली आणि 'गट्टू' हे नाव ठरले. आमच्या चाळीत प्रत्येक मजल्यावर एक तरी गट्टू असे, आणि रंगाच्या पिंपात हात घातल्याबद्दल त्याचे कान पिळले जात. मी त्या दिवशी गायवाडीतून चक्कर मारून आलो. एवढा मोठा उद्योग एवढ्याशा बोळातून निघाला, ह्याची खूण सांगणारे काही माझ्या नजरेस पडले नाही. गिरगाव आपल्या लेकरांचे कौतुक करत बसत नाही!

चर्नी रोडला गाडी धरली आणि लोअर परळला उतरलो. लालबागला जायला ह्याहून सोप्या वाटा आहेत; पण आतोबांची, म्हणजे आत्याच्या यजमानांची, गिरणीची वाट ही होती आणि ज्यांचा रंग शोधायचा त्यांच्या वाटेने जावे, असे मनात आले. आतोबा एका कापडगिरणीच्या रंगखात्यात होते. त्यांच्या नखांच्या कडा कायम रंगलेल्या असत. सोमवारी निळ्या, तर शनिवारी तांबड्या. आम्ही मुले त्यांच्या बोटांवरून गिरणीत कोणते कापड चालू आहे ते ओळखायचा खेळ खेळायचो.

लोअर परळचेही रंगाशी जुने नाते आहे. गायवाडीच्या बावीस वर्षे आधी, १९२० साली, इथे 'गहागन पेंट्स अँड व्हार्निश' नावाची कंपनी निघाली. तीच पुढे १९५७ साली 'गुडलास नेरोलॅक' झाली आणि आताची कन्साई नेरोलॅक ती हीच. म्हणजे आपल्या भिंतींवर ज्या दोन मोठ्या घराण्यांचे रंग चढले, त्यांतल्या एकाचे घर गिरगावात आणि दुसऱ्याचे परळात. ज्या वर्षी गहागन निघाली, त्याच वर्षी सरकारने बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट स्थापन केले. त्याने वरळी, नायगाव, शिवडी आणि इथे डिलाईल रोडवर, म्हणजे आजच्या ना. म. जोशी मार्गावर, मिळून २०७ चाळी उभ्या केल्या. खोली १६० चौरस फुटांची. भिंती सिमेंट काँक्रीटच्या, इतक्या कठीण की खिळा ठोकताना हातोडी नाचते. पण त्या करड्या भिंतींच्या आत डोकावले तर पोपटी, आकाशी, मोरपंखी! १६० चौरस फुटांत माणसाला कपाट ठेवायला जागा नसते, पाहुण्याला निजायला जागा नसते. रंगाला मात्र जागा लागत नाही.

आतोबांच्या गिरणीच्या जागी आता काचेचा उंच मनोरा आहे. धुराडे नाही, भोंगा नाही, रंगीत पाणी वाहून नेणारे गटारही नाही. मी क्षणभर थांबलो आणि करी रोडचा पूल ओलांडून भारतमाता सिनेमावरून लालबागेत शिरलो.

आत्याची चाळ मुख्य रस्त्याला लागून आहे. २०११ साली समोर उड्डाणपूल झाला आणि दुसऱ्या मजल्यावरच्या तिच्या खिडकीच्या पातळीवरून मोटारी धावू लागल्या. खोली दहा बाय बाराची. एका कोपऱ्यात मोरी, वर पोटमाळा, भिंतीशी लोखंडी कपाट, कपाटाशेजारी देवघर आणि त्यावर आतोबांची तसबीर. भिंती क्रीम रंगाच्या, अगदी चांगल्या स्थितीत.

"कुठे होता तो मोरपंखी?" मी विचारले.

"होता म्हणजे? आहे! ह्याच भिंतीत आहे. कपाट सरकवा."

आतेभावाने कपाळाला हात लावला, पण कपाट सरकवले. मी स्वयंपाकघरातली सुरी घेऊन कोपऱ्यात हलकेच खरवडायला लागलो. आधी क्रीम प्लास्टिक पेंटची साल निघाली. "हा नातीच्या लग्नाचा," आत्या म्हणाली. त्याखाली गुलाबी ऑइल पेंट. तो फार चिवट. "हा ह्याच्या लग्नाचा," तिने मुलाकडे बोट दाखवले. त्याखाली पिवळा डिस्टेंपर, भुकटी होऊन गळणारा. "हा कुणाच्या लग्नाचा नाही. ह्याला नोकरी लागली तेव्हाचा." आणि त्याखाली, नखाएवढ्या जागेत, तो रंग दिसला. मी बॅटरी धरली. तिघेही वाकून पाहू लागलो.

मला बसलेला धक्का सांगतो. तो मोरपंखी नव्हताच! फिकट, अतिशय फिकट, निळसर हिरवट असा काहीतरी होता. पावसाळ्यानंतर समुद्र उथळ जागी दिसतो तसा. इतकी वर्षे माझ्या आठवणीत ती भिंत मोराच्या मानेसारखी गडद होती. मी आत्याकडे पाहिले. ती मुळीच गोंधळलेली नव्हती.

"हाच," ती म्हणाली. "आम्ही ह्यालाच मोरपंखी म्हणायचो. ह्याहून गडद परवडत कुणाला होता?"

मग तिने खाली बसून सगळे सांगितले. आतेभावाला त्यातले बरेच माहीत असावे. तरी तोही ऐकत बसला.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. पहिले दोन महिने लोक म्हणत, मिटेल. पावसाळा आला, तेव्हा बोलणेच थांबले. आतोबा इतर पुष्कळांसारखे कोकणात गावी गेले आणि भावाच्या सुपारीच्या बागेत राबले. सुपारीवर पावसात कोळे रोग पडतो, फळे काळी पडून गळतात. त्यावर मोरचूद आणि चुना ह्यांचे पाणी फवारतात. हे औषध मूळचे फ्रान्समधले. बोर्दो प्रांतातल्या द्राक्षांसाठी मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८८५ साली ते जगापुढे मांडले. आपल्याकडे शेतकरी त्याला बोर्डो मिश्रण म्हणतो. शेकडा एक प्रमाणाचे करायचे तर एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. फवारलेल्या सुपारीच्या झाडांवर जो निळसर हिरवा थर दिसतो, तो आतोबांनी त्या पावसाळ्यात रोज पाहिला. रंगखात्यातला माणूस, त्याला त्या थरात औषध कसे दिसणार? रंगच दिसला.

"दिवाळीला आले तेव्हा हातात पिशवी होती," आत्या सांगत होती. "मला वाटले, गावाहून नारळ-सुपारी आणली. तर कागदाच्या पुडीत मोरचूद! मी रडायच्या बेतात. त्या वर्षी रव्याचे मोजून नऊ लाडू केले होते. अख्ख्या चाळीत कोणी रंग काढला नव्हता. आणि हे म्हणतात, एक भिंत तरी रंगवू. मी म्हटले, लोक हसतील. तर म्हणाले, पगार गिरणीमालकाच्या हातात, भिंत घरमालकाच्या हातात. रंग तरी माझ्या हातात आहे ना?"

तिने एवढे सांगितले आणि उठून चहा ठेवायला गेली. संप कधी मागे घेतला असे झालेच नाही, हे आपण सारे जाणतो. आतोबा पुन्हा रंगखात्यात गेले नाहीत. पुढची वीस वर्षे त्यांनी एका इमारतीत पहारेकऱ्याचे काम केले.

खरवडलेला कपचा मी कागदात बांधून दादरच्या रंगाच्या दुकानात नेला. हल्ली दुकानात एक यंत्र असते. त्याच्यापुढे कसलाही तुकडा धरा, ते त्याचा रंग मोजते आणि कोणत्या रंगद्रव्याचे किती थेंब घालायचे ते सांगते. दुकानदार मुरलेला माणूस. त्याने सूनबाईंचा टील आणि आत्याचा फिकट मोरपंखी, दोन्ही डबे शेजारी ठेवले आणि मला चार गोष्टी शिकवल्या. हा रंग काढणाऱ्या प्रत्येकाने त्या ऐकाव्यात, म्हणून इथे देतो.

पहिली गोष्ट, निळा आणि हिरवा ह्यांच्या सीमेवरचा रंग उजेडाप्रमाणे बदलतो. पिवळ्या दिव्याखाली तो हिरव्याकडे झुकतो, पांढऱ्या ट्यूबखाली निळ्याकडे. म्हणून पट्टी पाहून ठरवू नये. दोन फूट लांब-रुंद नमुना दोन भिंतींवर लावावा आणि सकाळी, दुपारी व दिवे लागल्यावर पाहावा. दुसरी, लहान खोलीत गडद टील चारही भिंतींना दिला तर खोली विहिरीसारखी वाटते. एक भिंत पुरे, बाकीच्या तीन पांढरट ठेवाव्यात. बारा बाय दहाच्या एका भिंतीला दोन लिटर रंग पुरतो. तिसरी, गडद रंगाच्या डब्यात पांढरे द्रव्य कमी असते, त्यामुळे पहिल्या हातात भिंत झाकली जात नाही. घाबरून रंग जाड लावू नये, पातळ तीन हात द्यावेत. आणि चौथी, पावसाची ओल पुरती गेल्याशिवाय रंगाला हात घालू नये. मुंबईच्या भिंतींना घाई सोसत नाही. पुढच्या श्रावणात पोपडे धरून त्या सूड घेतात.

दोन्ही डबे घेऊन मी परतलो. आमच्या घरी टील चढला आणि फार शोभून दिसला. लालबागेत मात्र नापास! आत्याने नमुना पाहिला, दिवा लावून पाहिला, मालवून पाहिला. दुकानाच्या उजेडात कपच्याशी तंतोतंत जुळणारा तो रंग तिच्या देवघरातल्या पिवळ्या दिव्याखाली निराळाच दिसत होता. वेगवेगळ्या द्रव्यांनी बनलेले दोन रंग एका उजेडात सारखे आणि दुसऱ्यात वेगळे दिसू शकतात, हे मी तिला समजावू लागलो.

"ते असेल रे," ती म्हणाली, "पण हा वर बसलाय. तो आत मुरला होता."

तिने नेमके बोट ठेवले होते. प्लास्टिक पेंटचा पापुद्रा भिंतीवर बसतो. चुना भिंतीत शिरतो. तोच रंग हवा, तर तोच पदार्थ हवा. आणि चुना तेलकट किंवा प्लास्टिक रंगावर धरत नाही. म्हणजे देवघरामागची अख्खी भिंत गिलाव्यापर्यंत खरवडायची. पाच महिन्यांच्या सोबतीसाठी चार दिवसांची मेहनत! मी आतेभावाकडे पाहिले. आता तो काय म्हणेल, ह्याची मला धास्तीच वाटत होती.

तो काही बोलला नाही. खाली जाऊन हार्डवेअरच्या दुकानातून दोन पत्र्या आणि नाकाला लावायचे मास्क घेऊन आला. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसे असते. आपल्या देशात रंगातल्या शिशाला दशलक्ष भागांत नव्वद ही मर्यादा २०१७ साली लागू झाली. म्हणून असा रंग कोरडा खरवडू नये. भिंत ओली करून खरवडावी, लहान मुलांना दूर ठेवावे आणि केर भिजलेल्या कागदात गुंडाळून टाकावा. नातीच्या मुलीला शेजारी पाठवले आणि आम्ही दोघे कामाला लागलो. गुलाबी थर निघता निघेना. तिसऱ्या दिवशी दुपारी तो एकदम म्हणाला, "दादा, त्या वर्षी बादली मी धरली होती. दहा वर्षांचा होतो. मोरचूद लोखंडी बादलीत घालू नको म्हणून बाबा माझ्यावर ओरडले होते."

बाबा बरोबर होते. मोरचुदाचे पाणी लोखंडाला लागले की त्यातले तांबे लोखंडावर चढून बसते आणि रंग हातचा जातो. आम्ही प्लास्टिकची बादली घेतली. हातमोजे घालून मोरचूद वेगळ्या पाण्यात विरघळवला, गाळलेल्या चुन्यात धारेने ओतला आणि ढवळला. त्यात लोखंडी खिळा बुडवून पाहिला. त्यावर तांबूस थर आला नाही, म्हणजे चुना पुरेसा झाला. ही परीक्षा बागायतदारांची. मिश्रण भिंतीवर चढवले, तर भिंत नुसती ओली, मळकट दिसू लागली. आतेभावाचा चेहरा उतरला. "थांब," आत्या खाटेवरून म्हणाली, "चुना लगेच बोलत नाही."

मी रात्री तिथेच राहिलो. पहाटे उड्डाणपुलावरची वर्दळ सुरू होण्याआधी जाग आली. खिडकीतून पहिला उजेड आला होता आणि देवघरामागची भिंत सुकली होती. उथळ समुद्राचा तो रंग जमिनीपासून पोटमाळ्यापर्यंत उभा होता. कुठे कुंच्याचे फटकारे दिसत होते, कुठे गिलाव्याचे खड्डे. आत्या आधीच उठून बसली होती. बराच वेळ ती पाहत राहिली, मग आतोबांची तसबीर पदराने पुसून तिने मुलाच्या हातात दिली. "लाव," एवढेच म्हणाली. त्याने खिळा ठोकला आणि पाठ फिरवून उगाच बादली धुवायला मोरीत गेला.

दिवाळीत चाळीतली सारी बिऱ्हाडे ती भिंत पाहून गेली. नंतर आणखी चार घरांनी एकेक भिंत रंगवली, असे ऐकले. मार्चमध्ये चाळ खाली झाली. आता त्या जागी पत्र्यांचे कुंपण आहे आणि आत यंत्रे चालू आहेत.

जाण्यापूर्वी आत्या दोन दिवस आमच्याकडे राहायला आली. सूनबाई तिला टीलच्या भिंतीपुढे बसवून कौतुकाने दाखवत होत्या. मी मध्येच माझे ज्ञान पाजळले. ह्या रंगात बहुतेक थॅलोसायनीन नावाचे द्रव्य असते. १९२८ साली स्कॉटलंडमध्ये ग्रेंजमथच्या कारखान्यात एका पांढऱ्या पदार्थाला भांड्याच्या लोखंडामुळे अचानक निळा डाग पडला, त्यातून ह्या जातीच्या रंगांचा शोध लागला आणि १९३५ पासून त्यातला तांब्याचा निळा बाजारात आला. म्हणजे आमच्या टीलच्या पोटात तांबे आणि तुझ्या मोरचुदाच्याही पोटात तांबेच.

आत्याने माझे व्याख्यान शांतपणे ऐकून घेतले. भिंतीवरून एकदा हात फिरवला.

"मग हा आपला मोरपंखीच की गं," ती सूनबाईंना म्हणाली. "जरा जास्त शिजलाय, एवढेच."